कोणता डोळा मिटायचा?

द्रोणाचार्यांनी घेतलेल्या परीक्षेची गोष्ट आपण सर्वांनीच ऐकलेली आणि वर्गात सांगितलेलीही आहे. इतर शिष्यांना झाड, फांद्या, पाने, शेजारी उभे असलेले बंधू असे सारे काही दिसत होते. अर्जुनाला मात्र फक्त पक्ष्याचा डोळा दिसत होता. एकाग्रतेचा धडा म्हणून ही गोष्ट उत्तमच आहे. पण विज्ञानाच्या तासाला एखाद्या चौकस विद्यार्थ्याने दोन शंका काढल्या तर? पहिली शंका : अर्जुनाने पक्ष्याचा डोळा पाहिला, तो स्वतःच्या कोणत्या डोळ्याने? दुसरी शंका : पक्ष्याचा डोळा स्पष्ट दिसत असताना त्याला हातातल्या बाणाचे टोकही तितकेच स्पष्ट दिसत होते का?

या शंका पोरकट नाहीत. पहिलीचा माग काढत गेले की ‘प्रभावी डोळा’ या कल्पनेचा चारशे वर्षांचा इतिहास हाती लागतो. दुसरीच्या मागे गेले की चाळिशी ओलांडल्यावर चष्मा का लागतो, या प्रश्नापाशी आपण पोचतो. या दोन्ही वाटा विसाव्या शतकात एका अनपेक्षित ठिकाणी एकत्र आल्या, ते ठिकाण म्हणजे ‘प्रॅक्टिकल शूटिंग’ हा पिस्तूल नेमबाजीचा खेळ. डोळा आणि हात यांची जोडी जुळत नसेल तर माणूस बदलायचा की साधन धरण्याची रीत बदलायची, हा प्रश्न त्या मैदानावर सुटला. तोच प्रश्न शाळेतही विचारला गेला होता, आणि तेथे त्याचे उत्तर मुलांना बरेच महागात पडले. म्हणून हा इतिहास शिक्षकांनी जाणून घेण्यासारखा आहे.

अंगठ्याची उडी

आधी एक प्रयोग करू. एक हात समोर लांब करून अंगठा उभा धरा. दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि समोरच्या भिंतीवरील एखाद्या खुणेवर, समजा कॅलेंडरच्या खिळ्यावर, अंगठा आणा. नजर खिळ्यावर हवी, अंगठ्यावर नको. आता डावा डोळा मिटा. मग तो उघडून उजवा मिटा. एका वेळी अंगठा खिळ्यावरच राहील, दुसऱ्या वेळी तो टुणकन बाजूला उडी मारेल. ज्या उघड्या डोळ्याला अंगठा खिळ्यावरच दिसला, तो तुमचा प्रभावी डोळा.

ही उडी केवढी असते, ते दहावीच्या विद्यार्थ्याला समरूप त्रिकोणांवरून काढता येईल. दोन बाहुल्यांमधील अंतर सुमारे ६ सेंटिमीटर, अंगठा डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर आणि भिंत ६ मीटरवर असेल, तर भिंतीवरील उडी ६ × (५४० ÷ ६०), म्हणजे ५४ सेंटिमीटर येते. नेमबाजाच्या दृष्टीने हे अंतर फार मोठे आहे. चुकीच्या डोळ्याने नेम धरला तर काय होईल, याची कल्पना या आकड्यावरून येते.

हा प्रयोग फार जुना आहे. इटलीतील नेपल्सचा जिआम्बातिस्ता देल्ला पोर्ता याने १५९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, प्रकाशाच्या अपवर्तनावरील आपल्या ग्रंथात तो दिला आहे. त्याने अंगठ्याऐवजी काठी वापरली. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला, की माणसाचे डोळे दोन असले तरी एका वेळी तो एकाच डोळ्याने पाहतो. निरीक्षण अचूक होते, निष्कर्ष मात्र फसला. १८३८ मध्ये चार्ल्स व्हीटस्टन याने आपल्या स्टिरिओस्कोपने दाखवून दिले, की दोन्ही डोळ्यांतील किंचित वेगळी चित्रे मेंदू एकत्र करतो आणि त्यातूनच आपल्याला खोली जाणवते.

मग पोर्ताची काठी एकाच डोळ्याची बाजू का घेते? नजर दूरच्या वस्तूवर असते तेव्हा जवळची वस्तू दोन दिसते. खिळ्याकडे पाहताना नीट लक्ष दिलेत, तर तुम्हालाही दोन धूसर अंगठे दिसतील. त्यांतला कोणता खिळ्यावर आणायचा, हे मेंदूला ठरवावे लागते आणि तो बहुधा प्रत्येक वेळी त्याच डोळ्याच्या चित्राची निवड करतो. चालताना, वाचताना, भाकरी थापताना ही निवड करण्याची वेळच येत नाही. जवळची वस्तू दूरच्या वस्तूच्या रेषेत आणायची असेल, तेव्हाच प्रभावी डोळा उघडकीला येतो. नेम धरणे म्हणजे नेमके हेच काम.

माईल्सचा शंकू

पोर्ताच्या प्रयोगात एक उणीव आहे. आपली परीक्षा चालू आहे, हे माणसाला कळलेले असते. मग उजव्या हाताचा अंगठा उजव्या डोळ्यासमोर धरण्याचा मोह होतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वॉल्टर माईल्स याने १९२९ मध्ये यावर तोड काढली. त्याने पुठ्ठ्याचा एक चपटा शंकू केला. त्याचे रुंद तोंड दोन्ही डोळ्यांवर बसे आणि दुसऱ्या टोकाला लहान भोक असे. त्यातून पाहणाऱ्याला आपण दोन्ही डोळ्यांनी पाहत आहोत असेच वाटे. प्रत्यक्षात त्या भोकातून एकाच डोळ्याला दूरची वस्तू दिसत असे, आणि कोणता डोळा पुढे सरसावला हे समोर बसलेल्या परीक्षकाला कळे. वर्गात दोन्ही तळहात एकमेकांवर किंचित सरकवून मध्ये छोटी खिडकी ठेवली आणि हात लांब करून तिच्यातून शिक्षकांच्या नाकाकडे पाहायला सांगितले, तरी हाच प्रयोग होतो. खिडकीत ज्या विद्यार्थ्याचा जो डोळा शिक्षकांना दिसेल, तो त्याचा प्रभावी डोळा.

अशा चाचण्यांतून पुढे जे दिसले, ते सामान्य समजुतीला धक्का देणारे होते. जगात शंभरातली सुमारे नव्वद माणसे उजव्या हाताची असतात. डोळ्यांचे प्रमाण तसे नाही. साधारण दोन तृतीयांश माणसांचा उजवा डोळा प्रभावी असतो, तर एक तृतीयांश माणसांचा डावा. अगदी थोड्यांच्या बाबतीत निश्चित निवड आढळत नाही. १९९६ मध्ये अनेक पाहण्यांचे आकडे एकत्र करून हिशेब मांडण्यात आला, तेव्हा उजव्या हाताच्या माणसांपैकी सुमारे ३४ टक्के डाव्या डोळ्याचे निघाले, आणि डावखुऱ्यांपैकी सुमारे ५७ टक्के. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात छत्तीस मुले उजव्या हाताची असतील, तर त्यांतल्या बारा जणांचा डोळा डावा असणार. इतक्या मुलांच्या बाबतीत खरी असणारी गोष्ट व्यंग कशी म्हणता येईल?

हात आणि डोळा यांची जोडी पक्की नसण्याचे कारण शरीररचनेतच आहे. उजव्या हाताच्या हालचाली मुख्यतः मेंदूच्या डाव्या अर्धगोलाच्या ताब्यात असतात. डोळ्याचे तसे नाही. प्रत्येक डोळ्यातून निघणाऱ्या दृष्टितंतूंपैकी साधारण अर्धे तंतू वाटेत बाजू बदलतात, अर्धे बदलत नाहीत. त्यामुळे प्रत्येक डोळ्याचा संदेश मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांत पोचतो. ‘उजवा डोळा म्हणजे डावा मेंदू’ असे समीकरण मांडताच येत नाही.

एक हात, एक डोळा

आता नेमबाजीकडे वळू. पिस्तूल हे सोळाव्या शतकापासून घोडेस्वाराचे शस्त्र. एका हातात लगाम असल्यामुळे ते दुसऱ्या एकाच हाताने चालवायचे असे. पुढे घोडा गेला, पण सवय राहिली. शरीर आडवे वळवायचे, एक हात ताठ पुढे करायचा, दुसरा डोळा मिटायचा आणि नेम धरायचा, हीच शास्त्रशुद्ध रीत मानली गेली. ऑलिंपिकमधील पिस्तूल स्पर्धा आजही एका हातानेच होतात.

एनसीसीत रायफल चालवलेल्यांना आठवत असेल, की तेथे दस्ता खांद्याला आणि गाल दस्त्याला टेकवावा लागतो. त्यामुळे कोणता डोळा साइटमागे येणार हे खांदाच ठरवतो. डाव्या डोळ्याच्या उजव्या मुलाला एक तर तो डोळा मिटावा लागतो, नाहीतर रायफल डाव्या खांद्याला लावावी लागते, आणि मग बोल्ट उजवीकडे असल्याने पंचाईत होते. पिस्तुलाचे तसे नसते. ते हातभर अंतरावर मोकळे असते, त्यामुळे ते कोणत्याही डोळ्यासमोर आणता येते.

पिस्तुलाची ही मोकळीक हाताच्या बाबतीतही खरी आहे, हे हंगेरीच्या कॅरोली टाकाच याने जगाला दाखवले. १९३८ मध्ये लष्करी सरावात हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात, म्हणजे नेमबाजीचाच हात, निकामी झाला. त्याने गुपचूप डाव्या हाताने सराव सुरू केला आणि १९३९ मध्ये हंगेरीचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात त्याने ५८० गुणांचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक जिंकले, आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला पुन्हा जिंकले. दोन्ही हातांनी बाण सोडणाऱ्या अर्जुनाला ‘सव्यसाची’ म्हणत. हात असा घडवता येतो, हे टाकाचने सिद्ध केले. प्रभावी डोळा मात्र सरावाने सहसा बदलत नाही. डोळा आहे तसाच राहणार हे एकदा मान्य केले, की बदल करायचा तो शस्त्र धरण्याच्या पद्धतीतच.

फुग्यांची शर्यत

स्थिर उभे राहून, पुरेसा वेळ घेऊन नेम धरताना एक डोळा मिटला तरी चालून जाते. पण लक्ष्ये अनेक असतील, निरनिराळ्या अंतरांवर असतील आणि घड्याळ चालू असेल, तर? शांघायच्या पोलीस दलात काम केलेल्या विल्यम फेअरबेर्न आणि एरिक साइक्स यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात मांडले, की अगदी जवळच्या झटापटीत साइटमधून पाहायला सवडच नसते, तेव्हा दोन्ही डोळे उघडे ठेवून लक्ष्याकडेच पाहावे. त्यांचा उपाय जवळच्या अंतरापुरता होता. अंतर वाढले की गोळ्या वाया जात.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कॅलिफोर्नियातील बिग बेअर येथे जेफ कूपर याने काही मित्रांसह झटपट नेमबाजीच्या स्पर्धा सुरू केल्या. २१ फुटांवर १८ इंच रुंदीचे बारा फुगे लावलेले असत आणि दोन स्पर्धकांपैकी जो आधी सगळे फोडील तो जिंकत असे. बहुतेक जण कमरेपासूनच धडाधड गोळ्या झाडत, आणि बऱ्याच गोळ्या फुकट जात. १९५९ च्या सुमारास लॉस एंजेलिस परगण्यातील पोलीस अधिकारी जॅक वीव्हर याने वेगळाच मार्ग धरला. त्याने पिस्तूल दोन्ही हातांनी धरून डोळ्यांच्या पातळीवर आणले आणि साइट पाहून मगच चाप ओढायला सुरुवात केली. क्षणभर उशीर होई, पण गोळी लागे. तो जिंकू लागल्यावर इतरांनी त्याची नक्कल केली. या स्पर्धांतूनच ‘प्रॅक्टिकल शूटिंग’ आकाराला आले. १९७६ मध्ये मिसूरी राज्यातील कोलंबिया येथे त्याची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि कूपर तिचा पहिला अध्यक्ष झाला. या खेळात स्पर्धक पळतो, आडोशामागून वाकतो, पुठ्ठ्याची व पोलादी लक्ष्ये टिपतो. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागले जाते. म्हणजे अचूकता अंशात आणि वेळ छेदात!

वीव्हरच्या साध्या सुधारणेमागे भूमिती आहे. पिस्तुलाच्या पुढच्या व मागच्या साइटमध्ये सुमारे १५ सेंटिमीटर अंतर असते. पुढची साइट मागच्या साइटच्या खाचेत १ मिलिमीटरने जरी एका बाजूला राहिली, तरी १५ मीटरवर गोळी १० सेंटिमीटर चुकते, कारण अंतराचे गुणोत्तर १:१०० आहे. उलट दोन्ही साइट एका रेषेत ठेवून सगळे पिस्तूलच १ मिलिमीटर सरकले, तर गोळीही जेमतेम तेवढीच सरकते. म्हणून साइटची चूक घातक आणि लक्ष्य थोडे धूसर दिसणे चालण्यासारखे. या खेळाच्या प्रशिक्षकाने द्रोणाचार्यांचा प्रश्न विचारला असता, तर त्याला अपेक्षित असलेले उत्तर ‘पक्ष्याचा डोळा’ हे नसून ‘पुढची साइट’ हे असते.

उलटी जोडी आणि साधे उपाय

या खेळात प्रभावी डोळ्याचा प्रश्न टाळता येईना. एक डोळा मिटला की त्या बाजूचे दृश्यक्षेत्र कमी होते आणि पुढचे लक्ष्य कोठे आहे ते उशिरा दिसते. शिवाय डोळा मिटून ठेवण्यात चेहऱ्याच्या स्नायूंना ताण पडतो. एका डोळ्यात शिरणारा प्रकाश थांबला की दुसऱ्या डोळ्याची बाहुलीही किंचित मोठी होते, आणि बाहुली मोठी झाली की प्रतिमेची स्पष्टता घटते. म्हणून दोन्ही डोळे उघडे ठेवणे इष्ट.

पण उजव्या हाताच्या आणि डाव्या डोळ्याच्या नवख्याने दोन्ही डोळे उघडे ठेवले की गोंधळ होतो. पिस्तूल उजव्या डोळ्यासमोर येते, पुढची साइट मात्र डावा डोळा लक्ष्यावर नेतो. नळीचे मागचे टोक उजवीकडे, पुढचे डावीकडे, आणि गोळ्या डावीकडे जातात! कधी दोन पिस्तुले दिसतात आणि त्यांतले खरे कोणते हे ठरवण्यात वेळ जातो.

या अडचणीवर सुरुवातीला अनेकांना दोनच मार्ग दिसत : प्रभावी डोळा सक्तीने मिटून ठेवणे, किंवा पिस्तूल डाव्या हातात देणे. पुढे अनुभवातून सोपे उपाय रुळले. चष्म्याच्या एका काचेवर अर्धपारदर्शक चिकटपट्टीचा लहान तुकडा लावायचा. त्या डोळ्यात प्रकाश येत राहतो, कडेचे दिसत राहते, फक्त समोरचे साइटचे चित्र पुसट होते. दुसरा उपाय त्याहून साधा आहे. १९८० च्या दशकात रॉब लेदम आणि ब्रायन एनोस या नेमबाजांनी दोन्ही हात सारखे पुढे करून पिस्तूल शरीराच्या मध्यरेषेवर धरण्याची ढब लोकप्रिय केली. मध्यरेषेपासून प्रत्येक डोळा ३ सेंटिमीटरवर असतो. म्हणजे डाव्या डोळ्याच्या माणसाने पिस्तूल जेमतेम ३ सेंटिमीटर डावीकडे नेले, किंवा मान किंचित उजवीकडे वळवली, की काम झाले. हात तोच, डोळाही तोच!

पुढे प्रयोगशाळेतही एक गोष्ट दिसून आली. नजर बरीच डावीकडे किंवा उजवीकडे वळवली तर प्रभावी डोळा बदलू शकतो, असे २००१ मध्ये खान आणि क्रॉफर्ड यांनी दाखवले. हात ज्या बाजूला जातो त्या बाजूचा डोळा तेव्हा पुढाकार घेतो. म्हणजे प्रभावी डोळा हा सिंहासनावर कायम बसलेला राजा नाही. कामाच्या सोयीसाठी मेंदूने केलेली ती निवड आहे.

चाळिशीनंतरची साइट

आता दुसरी शंका. डोळ्याला जवळचे आणि दूरचे एकाच वेळी स्पष्ट दिसू शकत नाही. पुढची साइट ०.७ मीटरवर असेल, तर ती स्पष्ट दिसण्यासाठी डोळ्याच्या भिंगाला १ ÷ ०.७, म्हणजे सुमारे १.४ डायॉप्टर इतकी समायोजन शक्ती वापरावी लागते. १० मीटरवरील लक्ष्यासाठी फक्त ०.१ डायॉप्टर पुरते. तरुण नेमबाज या दोन अंतरांमध्ये झरझर ये-जा करतो.

हॉलंडमधील उट्रेख्त येथील डॉक्टर फ्रान्सिस्कस डोंडर्स याने १८६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्पष्ट केले, की चाळिशीच्या सुमारास जवळचे पुसट दिसणे हा रोग नसून समायोजन शक्ती वयाबरोबर कमी होत जाण्याचा परिणाम आहे. दहा वर्षांच्या मुलाकडे ही शक्ती बारा-तेरा डायॉप्टर असते, चाळिशीत ती चार-पाचवर येते आणि साठीत जेमतेम एक उरते. त्यातली निम्मीच शक्ती सतत आरामात वापरता येते. म्हणजे पन्नाशीत, दोन-अडीच डायॉप्टर शिल्लक असताना, १.४ डायॉप्टरची मागणी पुरी करणे कठीण जाते. हिशेब वहीतला, पण प्रत्येक वयस्कर नेमबाजाच्या अनुभवाचा!

वाचायचा चष्मा येथे उपयोगी पडत नाही, कारण तो ४० सेंटिमीटरवरील पुस्तकासाठी असतो. दुहेरी भिंगाच्या चष्म्यात खालच्या भागातून साइट पाहायला हनुवटी वर करावी लागते. म्हणून नेमबाज दूरच्या नंबरात अर्धा-पाऊण डायॉप्टर मिळवून घेतात. त्यामुळे साइट आणि लक्ष्य दोन्ही चालण्याइतपत दिसतात. काही जण प्रभावी डोळ्याला साइटसाठी आणि दुसऱ्याला दूरसाठी भिंग घेतात. ही भिंगे डोळ्यांची अदलाबदल करून बसवली तर सगळाच घोटाळा, म्हणून आधी अंगठ्याचा प्रयोग!

आणखी एक उपाय सूक्ष्म भोकाचा. जर्मन धर्मगुरू व शास्त्रज्ञ क्रिस्टोफ शायनर याने १६१९ मधील डोळ्यावरील ग्रंथात कार्डाला सुईने भोके पाडून केलेले प्रयोग दिले आहेत. भोक लहान, तितकी जवळ-दूरची स्पष्टता जास्त. मात्र प्रकाश कमी आणि दृश्यक्षेत्र अरुंद. त्यामुळे धावपळीच्या खेळात त्याचा उपयोग थोडा, ऑलिंपिकच्या शांत मैदानावर मोठा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दक्षिण कोरियाच्या किम येजी हिच्या डोळ्यासमोर लहानमोठे होणारे छिद्र होते आणि दुसऱ्या डोळ्यावर आडोसा. तिला १० मीटर एअर पिस्तुलात रौप्यपदक मिळाले. त्याच स्पर्धेत तुर्कस्तानच्या युसुफ डिकेच याने साधा चष्मा लावून, दोन्ही डोळे उघडे ठेवून मिश्र सांघिक रौप्यपदक मिळवले. दोघांचेही बरोबर, कारण दोघांनी आपापल्या डोळ्यांना सोयीचे ते निवडले.

लाल ठिपका

चष्मा बदलण्याऐवजी साइटच बदलण्याची कल्पना डब्लिनचे दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब यांना १९०० मध्ये सुचली होती. प्रकाशित खूण भिंगाच्या नाभीवर ठेवली की तिच्यापासून निघणारे किरण समांतर होतात. मग ती खूण हातभर अंतरावर न दिसता दूर, लक्ष्याबरोबरच असल्यासारखी दिसते. ग्रब यांनी ही रचना तोफा-बंदुकांसाठी सुचवली होती. १९७५ मध्ये स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने विजेरीवर चालणारा लाल ठिपका बाजारात आणला. १९९० मध्ये ॲडलेड येथील प्रॅक्टिकल शूटिंगच्या जागतिक स्पर्धेत डग कोएनिग याने लाल ठिपक्याचे पिस्तूल घेऊन विजेतेपद मिळवले. त्यानंतर साध्या साइटच्या आणि लाल ठिपक्याच्या पिस्तुलांसाठी वेगळे विभाग करण्यात आले.

ठिपका लक्ष्याच्याच अंतरावर भासत असल्यामुळे नजर साइटवर आणण्याची गरज उरत नाही, समायोजन शक्ती संपलेल्यांनाही तो स्पष्ट दिसतो. येथे अर्जुनाचे उत्तर पुन्हा बरोबर ठरते! मात्र डोळ्याला सिलिंड्रिकल नंबर असेल, तर ठिपका गोल न दिसता शेपटीदार दिसतो. कॅमेऱ्यातून तो गोल दिसला, तर दोष ठिपक्याचा नसून डोळ्याचा, एवढे निदान घरीही होते.

शाळेतला डोळा

अमेरिकेतील आयोवा येथील डॉ. सॅम्युअल ऑर्टन यांनी १९२५ मध्ये वाचनात मागे पडणाऱ्या मुलांवर एक निबंध प्रसिद्ध केला. अशी मुले अक्षरे उलटी वाचतात, त्यांपैकी काहींचा हात एका बाजूचा आणि डोळा दुसऱ्या बाजूचा असतो, असे त्यांना दिसले. मेंदूच्या कोणत्याच अर्धगोलाचे वर्चस्व पक्के न झाल्यामुळे असे होते, असा त्यांचा तर्क होता. अक्षर आणि उच्चार यांची सांगड घालून, पाहून, ऐकून, गिरवून शिकवण्याची त्यांनी पुरस्कारलेली पद्धत पुढे उपयोगी ठरली. त्यांचा तर्क मात्र टिकला नाही. उलटी जोडी वाचणाऱ्या आणि न वाचणाऱ्या मुलांत सारखीच आढळते, असे पुढच्या पाहण्यांत दिसून आले.

तर्क मागे पडला तरी त्याची सावली राहिली. १९५० आणि १९६० च्या दशकांत फिलाडेल्फियातील कार्ल डेलाकाटो यांनी मुलाचा हात, पाय आणि डोळा एकाच बाजूचे केल्यास वाचन सुधारते, असे सांगून एक डोळा झाकण्यासारखे उपाय सुचवले. ज्यांना काहीच झालेले नव्हते अशा मुलांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या गेल्या. या उपचारपद्धतीला पुरावा नसल्याचे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९६८, १९८२ आणि १९९९ मध्ये जाहीर केले. २००९ मध्ये नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांसह तिने पुन्हा स्पष्ट केले, की डोळ्यांचे व्यायाम हा वाचन-अक्षमतेवरचा उपाय नव्हे.

हे वाचून कोणी असा निष्कर्ष काढू नये, की मुलांच्या डोळ्यांवर पट्टी कधीच बांधू नये. प्रभावी नसलेला डोळा आणि आळशी डोळा या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात दोन्ही डोळ्यांना नीट दिसते. दुसऱ्यात एका डोळ्याला लहानपणी स्पष्ट प्रतिमा मिळत नाही, म्हणून मेंदू त्याचे ऐकेनासा होतो. ह्यूबेल आणि वीसल यांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांतून दिसले, की लहानपणी ठरावीक काळात एक डोळा झाकला गेला तर मेंदूतील त्याची जागा दुसरा डोळा बळकावतो. या संशोधनासाठी त्यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आळशी डोळा शंभरात दोन-तीन मुलांना असतो. त्यावर चष्मा आणि गरज पडल्यास चांगल्या डोळ्यावर पट्टी हा डॉक्टरांचा उपाय आहे, आणि तो सात-आठ वर्षांच्या आत झाला तर सर्वांत गुणकारी ठरतो. म्हणजे ज्याला पट्टीची गरज नाही त्याला बांधली गेली, आणि ज्याला गरज होती तो मूल बोलत नाही म्हणून राहून गेला, असे दुहेरी नुकसान होऊ शकते.

म्हणून वर्गात दोन चाचण्या वेगवेगळ्या घ्याव्यात. पहिली अंगठ्याची. तिचे आकडे फळ्यावर मांडावेत, वर्गातील उलट्या जोडीच्या मुलांचे प्रमाण काढावे आणि त्यांना सांगावे, की यात काहीही बिघडलेले नाही. दुसरी चाचणी पहिली-दुसरीच्या मुलांची. एक डोळा तळहाताने झाकून फळ्यावरील अक्षरे वाचायला सांगावीत, मग दुसरा झाकून. बोटांच्या फटीतून कोणी पाहत नाही ना, याकडे लक्ष ठेवावे. एखादे मूल एका डोळ्याने भराभर वाचते आणि दुसऱ्याने अडखळते किंवा डोळा झाकू देताना रडते असे दिसले, तर त्याच आठवड्यात पालकांना बोलावून त्याला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे.